घानाच्या सहलीचं बजेट: दोघांना चार लाख पुरतील का?

शिरीषफूल

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत आम्ही दोघं घानाला जायचं म्हणतोय. टूर कंपनीबरोबर नाही, आपलं आपण. मी शाळेत इतिहास शिकवायचे. एल्मिना आणि केप कोस्टचे किल्ले, जिथून माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली गेली, ते बघायचं फार वर्षं मनात आहे. यांना हत्ती बघायचेत, म्हणजे उत्तरेचं मोले अभयारण्य आलं. वाटेत कुमासी. दोन-सव्वादोन आठवडे हाताशी आहेत.

पैशाचं गणित मात्र जुळेना. नेटवर एक जण लिहितो की दिवसाला तीस डॉलरमध्ये आरामात भागतं, दुसरा म्हणतो दीडशेच्या खाली जाऊच नका. सेडीतले, म्हणजे तिथल्या चलनातले, भाव तर एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी तिप्पट. आम्ही विमानासकट दोघांचे चार लाख धरलेत. दोघंही साठीच्या पुढचे आहोत, धर्मशाळेत झोपायचं वय नाही, पण पंचतारांकितही नको. हे अंडं खातात, मासे-मटण अजिबात नाही. मी सगळं खाते.

चार लाख पुरतील का? कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे मुळीच घेऊ नये, हे जाऊन आलेल्यांनी सांगा.

मुळामुठा

वाचतेय. घानाबद्दल मराठीत फारसं काही वाचायलाच मिळत नाही, चांगला धागा.

चंदगडी

काकू, हत्तीच बघायचे तर आमच्या चंदगड-आजऱ्याला या. उसाच्या फडात रात्री हमखास दर्शन. विमान नको, व्हिसा नको.

शिरीषफूल

यांना वाचून दाखवलं, खूप हसले. पण तुमच्या उसाचं काय होतं ते पेपरात वाचते, त्यामुळे तिकडे दर्शनाला यायचा धीर होत नाही.

तेमाकर

ताई, मी बरीच वर्षं तेमाला कारखान्यात नोकरीला आहे. तेमा म्हणजे राजधानी अक्राला लागून असलेलं बंदर. तुमचा गोंधळ कुठे होतोय ते सांगतो, कारण इथे येणारे माझे सगळे नातेवाईक तिथेच अडकतात.

सेडीतले जुने भाव वाचूच नका. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला सहाच्या आसपास सेडी मिळायचे. त्या वर्षी सगळं कोसळलं. डिसेंबरमध्ये महागाई ५४ टक्क्यांवर गेली, सरकारने बरीचशी परदेशी देणी फेडणं थांबवलं, आणि मे २०२३ मध्ये नाणेनिधीने ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. २०२४ च्या अखेरीस डॉलर पंधरा सेडींच्या आसपास होता. मग २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये सेडी असा काही वधारला की डॉलर पार दहा-अकरापर्यंत खाली आला. सोन्याचे भाव चढले हे त्यामागचं एक मोठं कारण. घाना आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या सोने उत्पादकांपैकी आहे.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा. २०२४ च्या शेवटी एक सेडी साधारण साडेपाच रुपयांना पडायचा, तो पुढे आठ रुपयांच्या घरात गेला. पाटीवरचा भाव तोच राहिला तरी आपल्या खिशातून जवळजवळ दीडपट जातं. आणि भाव काही सेडी वधारला म्हणून लगेच उतरत नाहीत. २०२४ मध्ये येऊन गेलेला माणूस 'घाना स्वस्त आहे' म्हणतो तेही खरं आणि २०२५ मध्ये आलेला 'महाग आहे' म्हणतो तेही खरं. त्यामुळे बजेट डॉलरमध्ये मांडा, आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात दर बघून पुन्हा एकदा आकडे तपासा.

बॅगपॅकवाली

तीस डॉलरवाली मीच असेन. :) मी एकटी गेले होते, तेव्हा सेडी घसरलेला होता. ट्रोट्रोने फिरले, म्हणजे आपल्या वडापसारखी वाहनं, भरली की निघतात. रस्त्यावर वाके खाल्लं, वसतिगृहात राहिले. ट्रोट्रोला पैसे खरंच किरकोळ लागतात. पण मांडीवर बॅग, खिडकी उघडत नाही, आणि गाडी कधी भरेल याचा भरवसा नाही. शहरातल्या शहरात एकदा जरूर बसा, मजा येते, दारातला 'मेट' गावांची नावं ओरडत असतो. लांबच्या प्रवासाला तुम्ही दोघांनी तो विचार करू नका.

कुमासीला जायला मोठ्या बसगाड्या आहेत, एसटीसीच्या किंवा व्हीआयपीच्या. वातानुकूलित, ठरलेल्या जागेच्या. आत गारठायला होतं, शाल हातातल्या पिशवीत ठेवा.

हिशेबी_माणूस

मी सपत्नीक जाऊन आलोय आणि वहीत सगळं टिपलेलं आहे. तुमच्या बेताप्रमाणे डॉलर नव्वद रुपये धरून मांडतो. सगळे आकडे अंदाजाचे, पण याच्या फार बाहेर जाणार नाहीत.

मुंबईहून अक्राला थेट विमान नाही. अदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईवरून जावं लागतं. दोघांचं येण्या-जाण्याचं मिळून एक लाख साठ ते ऐंशी हजार. व्हिसा, लसी, मलेरियाच्या गोळ्या आणि विमा यांचे सरसकट चाळीस हजार बाजूला काढा. म्हणजे घानाच्या मातीवर पाय ठेवायच्या आधीच तुमचे निम्मे पैसे संपले. हे आधी मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

उरलेल्यात पंधरा रात्री सरासरी पन्नास डॉलरने, साडेसातशे डॉलर. अक्रात याहून जास्त लागतील, केप कोस्टला कमी, सरासरी निघते. चालकासह गाडी पेट्रोल धरून दिवसाला शंभर डॉलर. ती रोज लागत नाही, पाच दिवस धरा, पाचशे. उत्तरेहून अक्राला परतायचं देशांतर्गत विमान दोघांचं दोनशे. बस आणि शहरातली टॅक्सी दीडशे. जेवणखाण दोघांचं रोज तीस, म्हणजे साडेचारशे. किल्ले, अभयारण्यं, वाटाडे यांचे दीडशे. झाले बावीसशे डॉलर, म्हणजे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार.

एकूण चार लाख आणि वर थोडे. तर चार लाख पुरतात, पण काठावर. पन्नास हजार वेगळे ठेवा, कार्डावर किंवा मुदतठेवीत, पण हाताशी. परके लोक, परकी भाषा नसली तरी परका देश, आणि साठीच्या पुढचं वय. तिथे पैसे संपले म्हणून अडून बसायची वेळ यायला नको.

मुळामुठा

+१. वही असावी तर अशी.

सुखात्मा

जेवणाचे तीस डॉलर फार होतात. बायकोने सोबत मेथीचे ठेपले, चिवडा, भडंग दिलं तर निम्म्यात भागतं. आम्ही कुठेही जातो तर एक बॅग खाण्याची असतेच.

बॅगपॅकवाली

सुखात्मा, ठेपले जरूर न्यावेत, पण इतक्या लांब जाऊन तिथलं न खाता यायचं हे मला पटत नाही. आणि काकू सगळं खातात! समुद्रावरचा भाजलेला तिलापिया मासा आणि बांकू, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, त्यांनी का सोडावेत?

अनघा_टिळकरोड

शाकाहाराचं मी सांगते, मी पूर्ण शाकाहारी. जमतं, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. वाके म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेली, दिसायला निर्धोक. पण त्यावर शितो नावाची काळी तिखट चटणी घालतात, तिच्यात सुके मासे आणि सुकट असते. 'नो शितो' हे पहिल्या दिवशी शिकायचं. रेड-रेड म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ आणि सोबत तळलेलं पिकलं प्लँटेन, म्हणजे शिजवून खायचं मोठं केळं. हे माझं रोजचं जेवण होतं, फक्त उसळीत मासा घातलाय का ते विचारून घ्यायचं. केलेवेले, म्हणजे आलं-मिरची लावून तळलेले प्लँटेनचे तुकडे, संध्याकाळी रस्त्यावर मिळतात, त्यावर मी अजून जीव टाकते. शेंगदाण्याचं सूप नावाने शाकाहारी वाटतं, त्यात बहुतेक वेळा कोंबडी किंवा मासा असतो.

अक्रात काळजी नाही. सिंधी व्यापारी तिथे शंभर वर्षांपासून आहेत, तूरडाळीपासून कणकेपर्यंत सगळं दुकानात मिळतं, भारतीय हॉटेलंही आहेत. मात्र तिथली भारतीय थाळी स्थानिक जेवणाच्या कितीतरी पट महाग पडते. रोज तिथे जेवलात तर हिशेबी_माणूस यांचे तीस डॉलर एका वेळेला जातील. उत्तरेत मोलेला पर्याय कमी, तिथे आम्लेट-पाव, भात आणि फळं. तुमचे 'हे' अंडं खातात म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

अननस मात्र पोटभर खा. पांढऱ्या गराचा एक गोड अननस मिळतो, आंबटपणाचा मागमूस नाही.

सुखात्मा

अनघाताई, ही माहिती सोन्यासारखी आहे. ठेपल्यांची बॅग निम्मी करतो. :)

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून लिहितोय, कारण हिशेबातला चाळीस हजारांचा आकडा पाहून कुणीतरी तो कमी करायला जाईल.

पीतज्वराची लस घानाला सक्तीची आहे, पिवळं कार्ड विमानतळावर बघतात. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. परत येताना आपल्याकडेही ते कार्ड विचारतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि बहुतेक ठिकाणी वेळ घ्यावी लागते. शिरीषताई, तुम्ही दोघं साठीच्या पुढचे, म्हणून मुद्दाम सांगतो: या वयात पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर त्रास व्हायची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. ती कमीच आहे, पण तुमच्या डॉक्टरांना औषधांची यादी दाखवून, अंड्याची किंवा इतर कसली अॅलर्जी असल्यास सांगून, मगच तिकिटं काढा. लस घेता येणार नसेल तर सगळा बेतच बदलतो.

मलेरिया. तिथला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे जीव घेणारा. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्याच. एक प्रकार जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायचा, तो महाग. दुसरा डॉक्सिसायक्लिन, स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचा आणि त्याने ऊन बाधतं. कुठला घ्यायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आणखी एक, जे बहुतेक जण विसरतात. घानाचा उत्तर भाग आफ्रिकेच्या मेंदूज्वर पट्ट्यात येतो आणि साथीचा काळ कोरड्या ऋतूतला, डिसेंबरपासून पुढे. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत मोलेला जाणार. मेनिंगोकोकल लसीबद्दल विचारा.

खंडाळा_घाट

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून असहमत. मी नायजेरियात काम करून आलोय, तिथे आमच्यातलं कुणी गोळ्या घेत नव्हतं. मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट, बस. उगाच घाबरवता.

नाडीपरीक्षा

वर्षानुवर्षं राहणारे लोक गोळ्या घेत नाहीत हे खरं. त्यांना ताप आला की त्याच दिवशी तपासणी करून उपचार घेणं माहीत असतं आणि दवाखाना जवळ असतो. पंधरा दिवसांच्या पाहुण्याची गोष्ट वेगळी. मलेरियाचा ताप बऱ्याचदा घरी परतल्यावर येतो, आणि नाशिकच्या दवाखान्यात पहिले दोन दिवस 'व्हायरल' म्हणून जातात. मी असे रुग्ण पाहिलेत. घाबरवायचं म्हणून लिहीत नाही, कळकळीने लिहितोय. मच्छरदाणी हवीच, पण गोळ्यांच्या ऐवजी नाही, गोळ्यांसोबत. आणि परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की आम्ही पश्चिम आफ्रिकेतून आलोय.

तेमाकर

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. मी इथे राहतो म्हणून गोळ्या घेत नाही, पण माझे आई-वडील आले तेव्हा दोघांना दिल्या होत्या.

परखड

किल्ल्यांच्या तिकिटाबद्दल कुणी बोलेना. स्थानिकाला एक दर, परदेशी माणसाला कितीतरी पट. अभयारण्यातही तेच. कॅमेऱ्याचे वेगळे. आपण काय अमेरिकन आहोत का? रुपया आपला पण गरीबच. मला हे लुटल्यासारखं वाटलं.

बखरवाचक

परखड, वेरूळच्या लेण्यांना आपण भारतीयांकडून ४० रुपये घेतो आणि परदेशी माणसाकडून ६००. उद्या घानाचा एखादा शिक्षक कैलास लेणं बघायला आला तर त्याचा सेडी काही श्रीमंत नाही. त्याला आपण विचारत नाही.

आणि या किल्ल्यांची बाब माझ्या मते निराळी आहे. एल्मिना १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी बांधला, १६३७ मध्ये डचांनी घेतला, १८७२ मध्ये इंग्रजांना विकला. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज आले त्याच्या आधीचा हा किल्ला. तळघरातल्या कोठड्या, त्यांच्या वर गव्हर्नरची दालनं, केप कोस्टला तर पुरुषांच्या कोठडीच्या वरच प्रार्थनाघर होतं. तिकिटात वाटाड्या असतो. त्याच्याशिवाय या भिंती बोलत नाहीत. शिरीषताई, तुम्ही इतिहासाच्या, म्हणून एक धागा देतो. या व्यापारात माणसांच्या बदल्यात जो माल दिला जायचा त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा वाटा मोठा होता. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं कापड युरोपच्या बंदरांतून फिरून या किनाऱ्यावर उतरायचं. मालदीवच्या कवड्याही तशाच, जहाजांत भरून यायच्या आणि पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून चालायच्या. आपल्या बाजूच्या विणकराला याची गंधवार्ताही नसणार. पण त्या कोठडीत उभं राहताना हे ठाऊक असावं असं मला वाटतं.

एल्मिनात जावा हिल नावाची टेकडी आहे, तीही विचारा. डचांनी १८३१ पासून इथून आफ्रिकी सैनिक भरती करून जावा-सुमात्राच्या फौजेत नेले; परतलेल्यांपैकी काही त्या टेकडीवर वसले.

शिरीषफूल

बखरवाचक, कापडाचं वाचून पुन्हा पुस्तकं काढून बसले. शाळेत आपण 'भारतीय कापडाला युरोपात मागणी होती' एवढंच शिकवतो. ते पुढे कुठे जात होतं, हे मीही मुलांना सांगितलं नाही.

किल्ल्यांचे पैसे मी आनंदाने देईन. तिथे काटकसर नाहीच.

परखड

वेरूळचा मुद्दा मान्य. तरीही कॅमेऱ्याचे वेगळे पैसे मला खटकतात.

बॅगपॅकवाली

किल्ल्याबाहेर एक गोष्ट सांभाळा. गोड बोलणारी मुलं नाव विचारतात, गावाचं विचारतात. तुम्ही आत फिरून येईपर्यंत शिंपल्यावर किंवा मनगटाच्या पट्टीवर तुमचं नाव लिहून तयार, 'मित्राची भेट' म्हणून, आणि मग पैसे. चिडायची गरज नाही, हसून नाही म्हणायचं. मुलं वाईट नसतात, कामधंदा नसतो. मी त्यातल्या एकाला एल्मिनाचं मासळी बंदर दाखवायला सोबत घेतलं, आधी पैसे ठरवून. रंगीत होड्या, बायका करतात तो मासळीचा लिलाव, सगळं त्याने समजावून दिलं. माझ्या सहलीतले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे ते.

गोदातीरी

केप कोस्टहून काकुमला जाणार ना? झाडांच्या शेंड्यांवरून दोरखंडाचे सात झुलते पूल आहेत, साडेतीनशे मीटर लांब, खाली तीस-चाळीस मीटर नुसती हवा. सकाळी उघडताच जा. नंतर शाळांच्या सहली येतात आणि पुलावर रांग लागते. उंचीची भीती असेल तर पहिल्या पुलानंतर परत फिरता येतं, पण तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

खंडाळा_घाट

इतकं जाताय तर टोगो-बेनिन पण करा. लोमे हे टोगोच्या राजधानीचं शहर घानाच्या सीमेला चिकटलेलंच आहे. पायी सीमा ओलांडता येते.

हिशेबी_माणूस

ऐकायला सोपं आहे, बजेटमध्ये नाही. टोगोचा व्हिसा वेगळा, बेनिनचा वेगळा. घानात परत यायचं तर घानाचा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा, तो महाग. चलन बदलतं, तिकडे सीएफए फ्रँक. तो युरोला बांधलेला असल्याने सेडी पडला म्हणून तिकडे स्वस्ताई होत नाही. भाषा फ्रेंच. दोन-सव्वादोन आठवड्यांत मोले आणि बेनिन दोन्ही करायला गेलात तर निम्मे दिवस गाडीत जातील. माझं मत, एकच देश नीट बघा.

खंडाळा_घाट

व्हिसाचा मुद्दा बरोबर आहे. मग पुढच्या वेळी.

मुळामुठा

मला एक बाळबोध शंका. सेडी इथून घेऊन जायचे का?

तेमाकर

नाही, तिकडे मिळणारच नाहीत. डॉलर आणा, शंभरच्या कोऱ्या नोटा. लहान नोटांना फॉरेक्स ब्युरोत दर कमी देतात, फाटक्या-लिहिलेल्या घेतच नाहीत. विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदला, बाकीचे शहरात. सगळे एकदम बदलू नका, उरलेले सेडी भारतात कुणी घेत नाही. एटीएम शहरांत भरपूर, व्हिसा कार्ड सगळीकडे चालतं, दर वेळी शुल्क मात्र लागतं. मोलेला जाताना रोकड सोबत ठेवा.

स्थानिक लोक सगळं मोबाइल मनीवर करतात, 'मोमो' म्हणतात. अगदी नारळवाल्याकडेही. पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की तुम्हालाही खातं उघडता येतं, पण दोन आठवड्यांसाठी तेवढा खटाटोप करायलाच हवा असं नाही. अक्रात उबर-बोल्ट दोन्ही चालतात. चालक फोन करून 'कॅश की कार्ड' विचारेल; कॅश म्हणा, नाहीतर बरेचदा येतच नाही.

आणि हो, डिसेंबर टाळलात हे फार चांगलं केलंत. २०१९ मध्ये 'इयर ऑफ रिटर्न' साजरं झालं, तेव्हापासून दर डिसेंबरला अमेरिका-इंग्लंडहून आफ्रिकी वंशाचे लोक लोटतात. खोल्यांचे भाव गगनाला, विमानही तसंच. जानेवारीच्या मध्यापासून निवळतं.

हिशेबी_माणूस

तेमाकर, हरमॅटनचं सांगा की त्यांना. मी वर परतीचं विमान उत्तरेहून धरलंय.

तेमाकर

बरी आठवण केलीत. डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून कोरडा वारा येतो, हवेत धूळच धूळ. सूर्य चांदीच्या नाण्यासारखा दिसतो, ओठ फुटतात. उत्तरेत जास्त. तिथल्या तमाले शहराची विमानं दृश्यता नसली की उशिरा सुटतात, कधी रद्दही होतात. मोले करून शेवटच्या दिवशी तमालेहून अक्राला उडायचं आणि रात्रीचं मुंबईचं विमान पकडायचं, असा बेत अजिबात नको. परतीचं आंतरराष्ट्रीय तिकीट हुकलं तर तुमचे पन्नास हजार एका फटक्यात जातील.

माझा सल्ला, उलटं फिरा. अक्राला एक-दोन रात्री विश्रांती, मग विमानाने तमाले, गाडीने मोले. विमान रद्द झालं तर सुरुवातीचाच एखादा दिवस जाईल. मग रस्त्याने खाली कुमासी, तिथून केप कोस्ट, एल्मिना आणि शेवटी अक्रा. खर्च तेवढाच, जीवाला घोर नाही. थकवणारा लांबचा प्रवास अंगात जोर असताना उरकतो हेही आहेच.

गोदातीरी

हा क्रम आवडला. मोलेला हत्ती कोरड्या दिवसांतच पाणवठ्यावर येतात, फेब्रुवारी उत्तम. बंदूकधारी रेंजरबरोबर पायी फेरी असते, जीपपेक्षा स्वस्त आणि कितीतरी छान. अभयारण्यातल्या साध्या मोटेलच्या ओट्यावरून खाली पाणवठा दिसतो. तिथेच महागडा लॉजही आहे, त्याचे भाव बघून तुमचं बजेट कोलमडेल, पण हत्ती तेच! मोटेल मात्र लवकर भरतं, आधी ठरवा. फाटकाबाहेर लारबंगाची मातीची जुनी मशीद आहे. परधर्मीयांना आत सोडत नाहीत, बाहेरून बघायची. गावात देणगी मागतात, किती द्यायची ते आधी बोलून घ्या.

अनघा_टिळकरोड

कुमासीला रविवार येत असेल तर अक्वासिदे बघा. दर सहा आठवड्यांनी एका रविवारी येतो हा सोहळा, मनह्या राजवाड्यात असांतेहेने, म्हणजे अशांती राजा, दरबार भरवतो. केंटे कापड, सोनं, ढोल. तारखा आधी जाहीर असतात. माझी तारीख चुकली होती, त्याची हळहळ अजून आहे. केजेतियाचा प्रचंड बाजार आठवड्याच्या मधल्या वारी बघा, रविवारी बरंच बंद असतं. केंटे घ्यायचं असेल तर बोनवायर गावात मागावर विणताना बघून घ्या. घासाघीस करा, पण विणकर समोर बसलेला असताना फार ताणू नका.

सुखात्मा

टूर कंपनीचा एकदा भाव तरी काढून बघावा की. माझ्या ओळखीतल्या एकांनी पॅकेज घेतलं, सगळं बिनघोर.

हिशेबी_माणूस

घ्यायला हरकत नाही, सोबत मिळते. पण पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता करून मिळतो, तरी तोपर्यंत पैसे अडकतात, हे चार लाखांच्या हिशेबात धरावं लागेल. आणि किल्ल्यावर तासाभरात उरका म्हणून कुणी मागे लागलं तर शिरीषताईंना चालेल असं वाटत नाही.

शिरीषफूल

मुळीच चालणार नाही. :)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे आणि मी वही घेऊन बसलो. बेत असा ठरला: आधी दोघांची वैद्यकीय तपासणी आणि पीतज्वराच्या लसीचा निर्णय, त्यानंतरच तिकिटं. तेमाकरांचा उलटा क्रम. कुमासीला अक्वासिदेचा रविवार साधतो का ते बघून तारखा ठरवू. महागडा लॉज नाही, टोगो नाही. अक्रातले दिवस कमी करून ते पैसे केप कोस्ट-एल्मिनाला जास्तीच्या रात्रींना. चार लाखांचे साडेचार केले. फर्निचर बदलायचं होतं ते पुढच्या वर्षी.

एकच राहिलं. यांचं रात्री श्वासाचं यंत्र असतं, सीपॅप. वीज आणि प्लग यांचं काय?

नाडीपरीक्षा

यंत्र केबिन बॅगेत न्या, सामानात टाकू नका. डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. धुळीच्या दिवसांत जाताय, फिल्टर जास्तीचे घ्या.

तेमाकर

व्होल्टेज आपल्यासारखंच. काही ठिकाणी आपल्यासारख्या तीन गोल पिनांचे सॉकेट मिळतात, पण हॉटेलांत बहुतेक ब्रिटिश चौकोनी पिनांचे. एक अडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन वायर घ्या, कारण सॉकेट पलंगाजवळ असेलच असं नाही. वीज अधूनमधून जाते, इथे सगळे त्याला 'दुमसोर' म्हणतात. खोली ठरवताना भाव विचारण्याआधी जनरेटर रात्रभर चालू असतो का, ते विचारा. काही ठिकाणी मध्यरात्री बंद करतात. मोलेच्या मोटेलला मी पुढच्या आठवड्यात फोन करून रात्रीच्या विजेचं विचारतो आणि इथेच लिहितो.